नवरा नंबरात, बायको बिननंबरी

आपल्या समाजातला पोरगा अमेरिकेला किंवा जर्मनीला गेला की गावच्या विहारापुढे अभिनंदनाचा फलक लागतो. तो लागलाच पाहिजे. ज्याच्या आज्याने येसकरकी केली, मेलेली ढोरे ओढली, त्याचा नातू संगणकाच्या कंपनीत बसून डॉलरमध्ये पगार घेतो, ही बाबासाहेबांच्या पुण्याईची गोष्ट आहे आणि ती चारचौघांत मिरवायलाच हवी. नांदेडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून, लातूरच्या शिकवण्यांतून, वसतिगृहाच्या एकेका खोलीत चार-चार जण राहून ही पोरे वर आली आहेत. पण त्या फलकावर त्याच्या बायकोचे नाव नसते. नसले तरी चालेल, कारण फलक चार दिवसांचा. प्रश्न वेगळाच आहे. ती बाई त्या परक्या मुलुखात पोहोचते तेव्हा तिथल्या सरकारच्या, बँकेच्या, दवाखान्याच्या कोणत्या कागदावर तिचे नाव असते?

आम्ही या विषयावर लिहायचे ठरवले, कारण गेल्या काही वर्षांत उदगीर, निलंगा, देगलूर, नायगाव अशा तालुक्यांतून आईबापांचे फोन येतात. मुलगी एम. ए., बी. एड. झालेली, कुणी बी. फार्म., कुणी तर जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी सोडून गेलेली. आईबाप सांगतात, "पोरीला तिथं नंबर मिळत नाही म्हणतात, म्हणून दवाखान्याचा विमा पण नाही म्हणतात. खरं का?" खरे काय आणि खोटे काय, ते नीट समजून घेतले पाहिजे. अर्धवट माहितीवर घाबरणारा समाज दलालाच्या हाती सापडतो.

अमेरिकेचेच आधी घेऊ. तिथे १९३५ साली सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला आणि १९३६ पासून लोकांना नऊ आकडी सोशल सिक्युरिटी नंबर देणे सुरू झाले. मूळ हेतू म्हातारपणाच्या पेन्शनचा हिशेब ठेवणे हा होता. पुढे हा नंबर सगळ्याच व्यवहारांची किल्ली झाला. भाड्याचे घर घ्या, मोबाईल घ्या, कर्ज मागा, पहिला प्रश्न नंबराचा. एच-१बी व्हिसावर नोकरीला गेलेल्या नवऱ्याला तो मिळतो. त्याच्यासोबत एच-४ व्हिसावर गेलेल्या बायकोला मिळत नाही, कारण तो नंबर काम करायची परवानगी असणाऱ्याला आहे आणि तिला ती परवानगी नाही. मग तिने पदवी घेतलेली असो की पदव्युत्तर.

यात एक फट २६ मे २०१५ पासून उघडली. नवऱ्याचा कायमच्या वास्तव्याचा, म्हणजे ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा ठरावीक टप्पा मंजूर झाला असेल तर एच-४ वरच्या बायकोला कामाचा परवाना मागता येतो. परवाना आला की नंबर आला. कंपनीने इथून तिकडच्या शाखेत बदली करून पाठवलेल्यांचा एल-१ व्हिसा असतो. त्यांच्या बायकांना तर २०२१ च्या नोव्हेंबरपासून वेगळा परवाना न घेता काम करता येते. दोन पोरी एकाच गल्लीतल्या, एकाच वर्षी लग्न झालेल्या. एकीला पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत नंबर मिळतो, दुसरी पाच-सात वर्षे थांबते. फरक दोघींच्या शिक्षणात नाही, नवऱ्याच्या व्हिसाच्या अक्षरात आहे. लग्न ठरवताना मुलाचा पगार विचारणाऱ्या बापांनी हे अक्षरही विचारावे. आता तर २०२५ च्या सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची फी जाहीर झाली आणि त्या अक्षराला निराळाच भाव आला.

ज्यांना हा नंबर नाही त्यांच्यासाठी १९९६ पासून दुसरा नंबर आहे. त्याला आयटीआयएन म्हणतात. तो फक्त कराच्या कामाचा. डब्ल्यू-७ नावाचा अर्ज नवरा-बायकोच्या एकत्र कर-विवरणपत्रासोबत भरायचा. बरेच जण या कामी मूळ पासपोर्ट टपालाने पाठवतात आणि मग दोन-तीन महिने बाई पासपोर्टाविना बसते. तसे करायची गरज नाही. पासपोर्ट तपासून देणारे अधिकृत मध्यस्थ तिथे आहेत, करखात्याची काही कार्यालयेही तो समोर पाहून परत देतात. लागोपाठ तीन वर्षे विवरणपत्रात वापरला नाही तर हा नंबर बाद होतो, हेही लक्षात ठेवावे. आणखी एक गंमत. सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात जाऊन "तुम्हाला नंबर देता येत नाही" असे पत्र मागता येते आणि पुष्कळ राज्यांत त्या पत्रावर गाडी चालवायचा परवाना निघतो. तहसीलमध्ये अर्ज फेटाळला तरी लेखी घ्या, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. सातासमुद्रापलीकडेही तोच नियम कामी येतो.

नंबर नसण्याची किंमत काय असते, ते करोनाच्या साथीत दिसले. २०२० च्या मार्चमध्ये अमेरिकन सरकारने माणशी १,२०० डॉलर मदत दिली. पण नवरा-बायकोने एकत्र विवरणपत्र भरले असेल आणि एकाचा नंबर आयटीआयएन असेल, तर दोघांचीही मदत कापली. म्हणजे नवरा पक्का नंबरवाला, कर भरणारा, पण बायको बिननंबरी म्हणून त्याचाही हक्क गेला. लष्करातल्या कुटुंबांना तेवढी सूट होती. डिसेंबर २०२० च्या नव्या कायद्याने ही चूक मागच्या तारखेपासून दुरुस्त झाली आणि नंबरवाल्याला त्याचा वाटा मिळू शकला. बायकोला तेव्हाही नाहीच. विटाळ लागतो असे मानणारी व्यवस्था आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिली. कागदालाही विटाळ लागू शकतो हे आम्हाला नव्याने कळले.

आता विम्याकडे येऊ. नंबर नाही म्हणून नवऱ्याच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात बायकोचे नाव घालता येत नाही, ही गोष्ट साफ खोटी आहे. विमा कंपनी नंबर विचारते, फॉर्मवर त्याचा रकाना असतो, कारण तिला सरकारला माहिती कळवायची असते. पण नंबर नसेल तर तसे लिहून नाव चढते. लागते ते नात्याचे प्रमाण, म्हणजे विवाह प्रमाणपत्र. आणि लागते ती वेळ. इथेच आपल्या पोरी अडकतात.

बाहेरून आलेल्या माणसाला ही वेळेची भानगड कुणी सांगत नाही. तिथे कंपनीच्या विम्यात वर्षातून एकदा, साधारण दिवाळीच्या सुमारास नावे घालायची मुदत असते आणि तो विमा बहुधा १ जानेवारीपासून लागू होतो. मध्येच नाव घालायचे तर काही कारण घडावे लागते. लग्न हे तसे कारण आहे आणि लग्नानंतर किमान तीस दिवसांची मुदत कायद्यानेच दिली आहे. आता आपल्याकडचे लग्न डोळ्यांपुढे आणा. मे महिना, नांदेडला मंगल कार्यालय, पोराची तीन आठवड्यांची रजा. लग्न लागले, सत्यनारायण नाही, गोंधळ नाही, त्रिसरण-पंचशील झाले, जेवणावळी झाल्या. दहाव्या दिवशी पोरगा विमानात. मुलीच्या पासपोर्टावर नवऱ्याचे नाव नाही, विवाह नोंदणीचा अर्ज ग्रामपंचायतीत पडलेला, ग्रामसेवकाकडे तीन गावांचा कारभार. प्रमाणपत्र हाती येते दोन महिन्यांनी. व्हिसा मिळतो पाच महिन्यांनी. तोवर तिकडचे तीस दिवस केव्हाच उलटून गेलेले असतात. ती पोहोचल्यावर "बायको आता आली" हे कारण चालेल की नाही, ते त्या कंपनीच्या योजनेत जे लिहिले असेल त्यावर.

मग काय करतात? प्रवाशांसाठीचा विमा काढतात. तो स्वस्त असतो आणि मन शांत होते. पण त्याची बारीक अक्षरे वाचा. बहुतेक प्रवासी विम्यात बाळंतपण धरलेले नसते, आधीचा आजार धरलेला नसतो. नव्या लग्नाच्या पोरीला नेमके काय लागण्याची शक्यता जास्त, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा? उलट कंपनीच्या विम्यात १९९६ च्या कायद्याने गरोदरपणाला "आधीचा आजार" ठरवता येत नाही आणि २०१४ पासून कोणताच आधीचा आजार वगळता येत नाही. तिथल्या दवाखान्याची बिले आपल्याकडच्या शेताच्या किमतीशी बोलतात. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने पहिल्या मुलाच्या बाळंतपणाचे पैसे पुढची चार वर्षे हप्त्याने फेडले आणि लातूरच्या बापाला एक शब्द कळू दिला नाही.

म्हणून आमचे सांगणे असे की पोराने परत जायच्या आत कंपनीला लग्नाची तारीख लेखी कळवावी आणि बायको इथेच असली तरी तिचे नाव विम्यात घालता येईल का, हे विचारावे. पुष्कळ ठिकाणी घालता येते. मुदत हुकलीच असेल तर देश बदलून आल्याच्या कारणावर साठ दिवसांत तिथल्या खुल्या बाजारातली सरकारमान्य योजना घेता येते. ती महाग पडेल, पण बाळंतपण धरलेली असते.

हे सगळे ज्या एका कागदावर उभे आहे, त्या विवाह प्रमाणपत्राचे आपल्या समाजात काय आहे? सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी सगळ्याच विवाहांची नोंदणी सक्तीची करावी असा निकाल दिला. महाराष्ट्रात तर १९९८ चा नोंदणीचा कायदा आधीपासून आहे. तरी आपल्या गावांत लग्नाचा पुरावा म्हणजे लग्नपत्रिका आणि फोटोंचा अल्बम. भारतीय बौद्ध महासभेचे बौद्धाचार्य लग्न लावतात, पण नोंदणीच्या नमुन्यात लग्न लावणाऱ्याच्या सहीचा रकाना असतो तो रिकामाच राहतो. बौद्धाचार्य दुसऱ्या लग्नाला निघून गेलेले असतात. मग कचेरीतला बाबू विचारतो, "भटजी कोण होते?" भटजी नव्हते म्हटले की कपाळाला आठी. "सप्तपदी झाली का?" झाली नाही, होणारही नाही. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम २ प्रमाणे तो कायदा बौद्धांनाही लागू होतो आणि विवाह कोणत्याही एका पक्षाच्या रूढीने लागला तरी चालतो, असे त्यातच म्हटले आहे. सप्तपदी ही सगळ्यांवर सक्ती नाही. बौद्धांचा वेगळा विवाह कायदा व्हावा ही मागणी जुनी आहे आणि आमचा तिला पाठिंबा आहे. पण तो होईपर्यंत पोरीने काय विमानतळावर बसून राहायचे? ज्याला रूढीच्या वादात पडायचेच नाही त्याने १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी विवाह करावा. तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, म्हणजे लग्नाच्या महिना-दीड महिना आधी हालचाल हवी. प्रमाणपत्र त्याच दिवशी हाती येते. मग विहारात मंगल परिणय करायला कोण अडवतो?

धर्माच्या रकान्याचाही एक घोळ आहे. शाळेच्या दाखल्यावर "हिंदू महार", लग्नाच्या अर्जात "बौद्ध". १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, तेव्हा बौद्ध लिहिल्याने काही जात नाही. अर्ज भरताना मात्र वधू-वर दोघांच्या कागदांत जे आहे त्याला धरून लिहावे आणि वाद झाला तर कचेरीकडून लेखी कारण मागावे.

धर्माच्या रकान्यापेक्षा मोठा घोळ नावाचा. नांदेड जिल्ह्याने नावासाठी काय दिले ते वाचकांना सांगायला नको. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना १९७८ मध्ये मारले गेले, गौतम वाघमारे यांनी १९९३ मध्ये नांदेडात स्वतःला पेटवून घेतले, तेव्हा कुठे १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाच्या पाटीवर बाबासाहेबांचे नाव लागले. त्याच जिल्ह्यातल्या पोरीच्या नावाची आज कागदावर तीन-तीन रूपे असतात. दहावीच्या सनदेवर बापाचे नाव आणि माहेरचे आडनाव, आधारवर नवऱ्याचे नाव, पासपोर्टावर अर्धे हे अर्धे ते. काही घरांत तर लग्नात मुलीचे पाळण्यातले नावही बदलतात. ही चाल आपण कुणाकडून उचलली, त्याचा विचार व्हावा. तिकडच्या यंत्राला एकच नाव समजते. पासपोर्टात आडनावाचा रकाना कोरा असेल तर अमेरिकेच्या व्हिसावर तिच्या नावाच्या जागी "नाव अज्ञात" अशा अर्थाची तीन अक्षरे छापून येतात आणि पुढे प्रत्येक कार्डावर तीच चिकटतात. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ च्या नोव्हेंबरापासून एकच शब्द नाव असलेल्या पासपोर्टावर भेटीच्या व्हिसाने येणाऱ्यांना प्रवेश बंद केला. आमचा सल्ला सरळ आहे. लग्नानंतर नाव बदलायची कायद्याने सक्ती नाही. सनदेवरचे नाव तेच पासपोर्टावर आणि तेच विवाह प्रमाणपत्रावर ठेवा. नवऱ्याचे नाव पती या रकान्यात येतेच. पोरीची पदवीही तिच्याच नावाने राहील आणि उद्या कामाचा परवाना मिळाला की ती उपयोगाला येईल.

नोकरीवाल्यांपेक्षा शिष्यवृत्तीवाल्यांची गोष्ट निराळी. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीने २००३ पासून आपली पोरे जगातल्या नामांकित विद्यापीठांत गेली. राज्याच्या ७५ जागा, केंद्राच्या अनुसूचित जातींसाठीच्या योजनेत त्याहून काही जास्त. फी, विमानभाडे, निर्वाहभत्ता आणि विद्यार्थ्याचा आरोग्य विमा मिळतो. विद्यार्थ्याचा म्हणजे एकट्याचा. वयोमर्यादा मात्र पदव्युत्तरला ३५ आणि पीएच. डी. ला ४० वर्षे. ही सवलत योग्यच आहे, कारण आपला पोरगा तिथवर पोहोचतो तोच उशिरा. पण पस्तिशीच्या माणसाला बायको-मुले असतात, हे योजना लिहिणाऱ्याला सुचले नाही काय?

ब्रिटनमध्ये नंबराची अडचण कमी. सोबत गेलेल्या जोडीदाराला कामाची परवानगी असते आणि राष्ट्रीय विमा क्रमांक अर्ज केल्यावर मिळतो. दवाखाना त्या क्रमांकावर अवलंबूनही नाही. पण त्याचे पैसे आधी मोजावे लागतात. २०२४ च्या फेब्रुवारीपासून विद्यार्थ्याला आणि त्याच्या प्रत्येक अवलंबिताला वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार आहे आणि तो पूर्ण मुदतीचा, व्हिसाच्या अर्जाबरोबर एकरकमी भरावा लागतो. चार वर्षांच्या पीएच. डी. साठी एकट्या बायकोचे तीन हजारांहून जास्त पौंड झाले. शिवाय २०२४ च्या जानेवारीपासून शिकवणीच्या एम. ए., एम. एस्सी. ला जाणाऱ्यांना सहसा कुटुंब नेता येत नाही, संशोधनवाल्यांना येते.

जर्मनीत उलटी तऱ्हा. तिथे नवरा सरकारी आरोग्य विमा मंडळात असेल आणि बायकोची कमाई ठरावीक मर्यादेच्या आत असेल, तर तिचा आणि मुलांचा विमा फुकट, एक युरोही जादा नाही. कराचा अकरा आकडी क्रमांक तर पत्ता नोंदवला की टपालाने आपोआप घरी येतो. पण विद्यार्थ्यांचा स्वस्त दर तिसाव्या वर्षापर्यंतच. आपली पोरे जातात बत्तीस-तेहतिसाव्या वर्षी, म्हणून खासगी विमा घेतात आणि त्यात बायकोचा हप्ता वेगळा, बाळंतपणाच्या अटी वेगळ्या. विद्यापीठाशी नोकरीचा करार करून पीएच. डी. करणाऱ्याला मात्र वय आडवे येत नाही. तो सरकारी विम्यात जातो आणि त्याच्या मागून घरची माणसेही. पत्र स्वीकारताना हा एक प्रश्न प्राध्यापकाला विचारला तर चार वर्षांचा घोर मिटतो.

बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. तीही एकट्याचीच होती. माता रमाई मुंबईत मागे राहिल्या, घरातली मुले दगावली. पुढे त्याच बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाची बाजू घेतली. मजूरमंत्री असताना प्रा. अडारकरांकडून कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल तयार झाला आणि त्यातूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी विमा ही सरकारची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढाचा विमा सक्तीने व्हावा असे लिहिले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या खात्याने शिष्यवृत्तीत जोडीदाराचा विमा घालावा, ही मागणी आम्ही करतो. खर्च किती येणार? फार तर ७५ माणसांच्या बायकांचा किंवा नवऱ्यांचा. होय, नवऱ्यांचाही, कारण शिष्यवृत्तीवर आता आपल्या मुलीही जाताहेत.

आखाताची वाट मात्र सर्वांत खडतर. धर्माबाद, बिलोलीच्या पलीकडे निजामाबाद लागते आणि तिकडून गवंडी, सुतार, ड्रायव्हर वर्षानुवर्षे आखातात जातात. सीमेवरच्या गावांतली आपली पोरेही त्यांच्या मागून जातात. यांना बायको न्यायचा प्रश्नच येत नाही. दुबईसारख्या ठिकाणी बायकोला न्यायचे तर किमान चार हजार दिरहम पगार, किंवा तीन हजार आणि राहायची जागा, असा नियम. शिवाय साक्षांकित विवाह प्रमाणपत्र हवे, तेव्हा तिचे ओळखपत्र निघते आणि तिचा विमा काढायची जबाबदारी नेणाऱ्यावर. म्हणून बाई गावातच राहते. तिने नवऱ्याकडून एक कागद मागून घ्यावा. दहावी न झालेल्या कामगारांना सरकारी परवानगीने जाताना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख रुपये. पॉलिसीची प्रत आणि वारसाच्या जागी कुणाचे नाव आहे, हे बायकोला माहीत हवे. एजंट "पर्यटक व्हिसावर चल, तिथे बघू" म्हणतो त्याच्या मागे जाणाऱ्याला ही पॉलिसी नसते. तो मेला तर पेटी येते, पैसे येत नाहीत.

शेवटी इकडचे एक काम, जे तिकडे गेलेल्या लेकींच्याही उपयोगाचे. पहिले बाळंतपण माहेरी ही आपली रीत. तिकडचा विमा महाग किंवा अपुरा म्हणून पुष्कळ जणी सातव्या महिन्याच्या आत परत येतात. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली त्यात नांदेड होते. लातूरला ती २०१३ मध्ये पोहोचली. तीच आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे आणि ती शिधापत्रिकेवर चालते. साधे बाळंतपण तिच्यात धरू नका, पण बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आली किंवा आईला काही गंभीर झाले तर तीच आधार. लग्न झाल्यावर माहेरच्या कार्डावरून मुलीचे नाव कमी होते, सासरच्या कार्डावर चढवायचे राहून जाते आणि ती विमानात बसते. परत येते तेव्हा दोन्ही कार्डांवर नाही. नाव कमी केल्याचा दाखला घेऊन त्याच आठवड्यात सासरच्या तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज टाकावा आणि शिक्क्याची पोच घेऊन ती घरच्या ट्रंकेत ठेवावी.